दारोदार फिरलेली काच : १८७२चं गल्गाँग

(पडद्यावर : एका रस्त्याचं जुनं छायाचित्र. दोन्ही बाजूंना बसकी दुकानं, मधे बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी उकरलेली माती.)

हा मेन स्ट्रीट. गाव गल्गाँग, ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स, साल १८७२. मुळात ही विराजुरी लोकांची भूमी. १८७०च्या एप्रिलमध्ये टॉम सॉन्डर्सला इथल्या रेड हिल टेकडीवर सोनं सापडलं आणि बघता बघता हजारो माणसं येऊन थडकली. आधी तंबू पडले, तंबूंमधून पायवाटा पडल्या, पायवाटांच्या कडेला दुकानं लागली. मोजणीदार आला तो त्यानंतर. म्हणून हा रस्ता असा अरुंद आणि वळणावळणाचा आहे.

(पडद्यावर : तेच छायाचित्र हळूहळू जवळ येतं. एका दुकानासमोर ओळीनं उभी माणसं.)

माणसं बघा. सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. चालता चालता चुकून चौकटीत आलेलं इथं फारसं कुणी नाही, कारण ही सगळी फोटोग्राफरची गिऱ्हाइकं आहेत.

हे फोटो काढणारा बोफॉय मर्लिन आणि त्याचा तरुण सहकारी चार्ल्स बेलिस यांच्या कंपनीचं नाव होतं ‘अमेरिकन अँड ऑस्ट्रेलेशियन फोटोग्राफिक कंपनी’. नाव भारदस्त, रीत साधी. गावात शिरायचं, रस्त्याच्या एका टोकाला सुरुवात करायची आणि एकेक दार घेत पुढे सरकायचं. मालक, बायको, पोरं, हाताखालचा माणूस, सगळ्यांना दारात उभं करायचं आणि छापलेल्या प्रती त्यांनाच विकायच्या. पत्राच्या पाकिटातून दूरच्या नातेवाइकांना पाठवता येईल एवढी ती प्रत : जाड पुठ्ठ्यावर डकवलेली, साधारण सहा बाय दहा सेंटीमीटरची.

आमच्या मते मर्लिनच्या या छायाचित्रसंग्रहाचं सगळं मोल या धंद्याच्या रीतीत आहे. त्या काळच्या फोटोग्राफरला गावाचं चित्र मागितलं असतं, तर त्यानं बँक, चर्च आणि कचेरी काढून दिली असती. मर्लिननं चांभार काढला, खाटीक काढला, औषधवाला काढला, सालीच्या खोपटासमोर उभं असलेलं कुटुंब काढलं. पैसे देणारा प्रत्येक जण त्याच्या लेखी सारखाच होता.

(पडद्यावर : काचेची कोरी पट्टी. दोन हात तिच्यावर द्रव ओततात.)

यातला प्रत्येक फोटो म्हणजे काचेवरची ‘ओली’ निगेटिव्ह. बहुतेक काचा साधारण आठ बाय दहा सेंटीमीटरच्या, तळहातात मावतील एवढ्या. काच आधी बारीक दगडी पूड आणि अल्कोहोल लावून घासायची. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी पुढे तिथला थर सुटतो. मग कलोडियन घ्यायचं. कलोडियन म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस), त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार. काच आडवी धरून मधोमध थोडं ओतायचं, एकेका कोपऱ्याकडे कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं आणि उरलेलं शेवटच्या कोपऱ्यातून परत बाटलीत सोडायचं. हात थबकला की थरावर लाट उमटते. आता ही काच बघा. या कोपऱ्यात थर जाड झालाय, कलोडियन इथूनच बाटलीत परत गेलं. आणि या कोपऱ्यात थरच नाही, कारण काच इथं चिमटीत धरली होती.

थर चिकटसर झाला की काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटं बुडवायची. इथून पुढचं सगळं पिवळ्या-तांबूस उजेडात. काच बाहेर येते तेव्हा तिच्यावर दुधी साय धरलेली असते. ती निथळवून, ओली असतानाच, उजेडबंद चौकटीत घालायची आणि कॅमेऱ्याकडे धावायचं.

धावायचं का, तर थर वाळला की खेळ संपला. सिल्व्हर नायट्रेटचे स्फटिक धरतात, डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, सारखा पसरत नाही, चित्रावर ओरखड्यांसारखे पट्टे येतात. हाताशी असतात दहाएक मिनिटं, आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात त्याहून कमी. म्हणून अंधारखोली कॅमेऱ्यापासून चार पावलांवरच लागते. मर्लिनची फिरती गाडी ती हीच, काही फोटोंत ती स्वतःच दिसते.

काही सेकंदांचं एक्स्पोजर. परत गाडीत. फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका झटक्यात काचेवर पसरवायचा, चित्र उमटताना डोळ्यांनी बघायचं आणि नेमक्या क्षणी पाणी ओतून थांबवायचं. मग हायपोनं (सोडियम थायोसल्फेटनं) किंवा पोटॅशियम सायनाइडनं पक्कं करायचं. सायनाइडनं काच लवकर स्वच्छ होते, पण ते जहाल विष. शेवटी धुऊन, वाळवून, दिव्यावर कोमट करून वॉर्निश चढवायचं. हे सगळं एका दारासाठी. पुढच्या दारासाठी पुन्हा पहिल्यापासून.

(पडद्यावर : उन्हात ठेवलेली छपाईची चौकट. काचेखालचा कागद तांबूस होत जातो.)

छपाईचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. बलकात मीठ घालून त्याचा थर कागदावर द्यायचा, मग कागद सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा. काच कागदाला भिडवून उन्हात ठेवली की चित्र आपोआप उमटतं, पण नुसतं ठेवलं तर विटकरी दिसतं आणि लवकर फिकटतं. म्हणून ते गोल्ड क्लोराइडच्या पाण्यातून काढायचं. चांदीवर सोन्याचं सूक्ष्म पुट चढतं आणि रंग गडद जांभळट तपकिरी होतो. सोनं शोधायला आलेल्या माणसाच्या हाती पडणाऱ्या त्या फोटोतही कणभर सोनं असायचंच.

(पडद्यावर : एका दुकानाची दर्शनी बाजू, मग त्याच इमारतीची कड.)

आता इमारती बघू. समोरून हे दुकान चौकोनी, रंगवलेलं, ऐटबाज. पण कडेकडे पाहा : फळ्यांची ही भिंत छपराच्या वर गेलीय आणि तिच्यामागे आहे झाडाच्या सालीचं खोपट. स्ट्रिंगीबार्क या निलगिरीच्या जातीच्या झाडाला खाली एक आणि माणसाच्या उंचीवर एक अशा गोल खाचा घ्यायच्या, मधे उभा छेद द्यायचा आणि साल अखंड सोलून काढायची. ती गुंडाळी होऊन येते. जाळावर शेकून मऊ करायची, सपाट पसरायची आणि वर ओंडके किंवा दगड ठेवून वाळू द्यायची. छपरावर टाकल्यावर वरून आडव्या-उभ्या दांड्या बांधायच्या. नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवला तर वाळताना साल आकसते, कडा वर वळतात, खिळ्याशी फाटते आणि पहिल्या वाऱ्याला उडते. छपरांवर दांड्यांची ही जाळी दिसते ती त्यासाठी. गल्गाँगचं प्रिन्स ऑफ वेल्स ऑपेरा हाउससुद्धा १८७१मध्ये सालीचंच उभं राहिलं.

छायाचित्र वाचताना फसण्याच्या जागाही पुष्कळ. कलोडियनवर निळ्या प्रकाशाचा परिणाम भरपूर होतो, तांबड्याचा जवळपास होतच नाही. म्हणून निळं आभाळ इथं कोरं पांढरं, ढग नाहीत. तांबडी माती काळपट, आणि खाणकामगाराचा लाल फ्लॅनेलचा सदराही काळाच दिसतो. त्यावरून गाव सुतकी कपड्यांत वावरत होतं असं समजू नका. हे कुत्रं दोन डोक्यांचं दिसतंय, कारण त्या काही सेकंदांत त्यानं मान वळवली.

सावल्यांचंही तसंच. आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, इथं तो उत्तरेला. तेव्हा दर्शनी भिंतीवर लख्ख दुपारचं ऊन असेल, तर दुकान उत्तरेकडे तोंड करून आहे. आणि काच स्कॅन करताना उलट्या बाजूनं ठेवली गेली, तर सगळा रस्ताच आरशातला होतो. पाटीवरची अक्षरं तपासायची. पाटी नसेल, तर पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलीय का ते बघायचं.

(पडद्यावर : डोंगरउतारावरच्या खाणी, मग एका मोठ्या शिळेशेजारी उभा दाढीवाला माणूस.)

गल्गाँगच्या दक्षिणेला हिल एंड. तिथं सोनं गारगोटीच्या शिरांमध्ये, डोंगराच्या पोटात. १९ ऑक्टोबर १८७२च्या रात्री हॉकिन्स हिलवरच्या स्टार ऑफ होप खाणीत सोनं भरलेली एक अखंड शिळा निघाली : वजन २८६ किलो, उंची जवळपास दीड मीटर, आत अंदाजे ९३ किलो सोनं. पुढे ती फोडून कुटणीला घातली गेली. खाणीच्या भागीदारांपैकी एक बर्नहार्ड होल्टरमन, हॅम्बर्गहून आलेला. शिळेवर हात ठेवून उभा असलेला त्याचा हा फोटो जगभर फिरला, पण तो जोडफोटो आहे. माणूस स्टुडिओत एका आधारावर हात ठेवून उभा, शिळा दुसऱ्या काचेवरची, मागचा व्हरांडा तिसरीकडचा. इतक्या खऱ्या दारांच्या संग्रहातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो नेमका जोडलेला असावा, याचं वाईट वाटतं.

तरी होल्टरमनचे उपकार मोठे. न्यू साउथ वेल्स वसाहतीची ओळख परदेशी प्रदर्शनांत करून देण्यासाठी त्यानं मर्लिनला काम दिलं. १८७३च्या सप्टेंबरमध्ये मर्लिन वारला, बेलिसनं काम पुढे नेलं आणि काचा होल्टरमनच्या घराण्यात राहिल्या.

(पडद्यावर : लाकडी पेट्या. त्यांत उभ्या लावलेल्या काचा.)

१९५१मध्ये सिडनीच्या चॅट्सवूड भागात, घरामागच्या बागेतल्या एका शेडमध्ये, सुमारे ३,५०० काचा सापडल्या. पुढच्याच वर्षी त्या सिडनीच्या मिचेल लायब्ररीला मिळाल्या. अशा काचा उभ्याच ठेवाव्या लागतात. आडव्या रचल्या की वरच्यांच्या वजनानं खालच्या तडकतात. हात लावायचा तो फक्त कडांना.

या निगेटिव्ह बलकाच्या कागदासाठी बनवलेल्या, म्हणजे चांगल्याच गडद. नंतरच्या ब्रोमाइड कागदावर छापल्या की आभाळ कोरं पांढरं होतं आणि दाराच्या आतलं सगळं अंधारात बुडून जातं. काचेतून प्रकाश पाठवून बारकाईनं स्कॅन केल्यावर मात्र दोन्ही टोकं हाती येतात. कलोडियनचा कण इतका बारीक, की १८७२च्या सहा सेंटीमीटरच्या प्रतीत कुणाला दिसूच शकलं नसेल ते आज वाचता येतं : खिडकीतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, दारामागे अर्धवट लपलेला चेहरा.

(पडद्यावर : आजचा मेन स्ट्रीट.)

मर्लिनच्या काचांवरची गल्गाँगची दोन दुकानं, ‘ग्रेटेस्ट वंडर ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘अमेरिकन टोबॅको वेअरहाउस’, १९६६च्या दहा डॉलरच्या नोटेवर झळकली. आता तिथं या छायाचित्रांचं संग्रहालय आहे.

जुन्या फोटोची जागा शोधायची असेल, तर लेन्सचा विचार नंतर करा. कोन ठरतो तो फक्त उभं राहण्याच्या जागेवरून. फोटोतली एक जवळची आणि एक लांबची खूण निवडा, समजा कोपऱ्यावरचा खांब आणि त्यामागची टेकडीची कड. खांब टेकडीच्या मानानं फार डावीकडे दिसला तर तुम्ही डावीकडे सरका, उजवीकडे दिसला तर उजवीकडे. मग वेगळ्या दोन खुणा घेऊन पुढे-मागे होत अंतर जुळवा. शेवटी उंची : क्षितिजाची रेघ माणसांच्या शरीरावर कुठून जाते ते बघा, ती छातीशी असेल तर कॅमेरा छातीशी हवा. दोन्ही जोड्या जुळल्या, की मर्लिनची तिपाई तुमच्या पायांशी होती.