चौकातून पाहिलेली सराई

मंडळी, इंग्लंडमधल्या जुन्या सराया, म्हणजे तिथल्या ‘इन’, पाहायला गेलेला माणूस थेट बारमध्ये शिरतो. शेकोटी, काळवंडलेल्या ओकच्या तुळया, दोन फोटो, झालं. माझा आग्रह असा की आधी मागच्या चौकात जावं. प्रवासी, घोडे आणि माल या तिघांची सोय एकाच छपराखाली कशी लावली होती, ते तिथून कळतं.

आजचं उदाहरण आहे समरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप या गावची ‘जॉर्ज इन’. बाथच्या दक्षिणेला काही मैलांवरचं हे खेडं. गाव एवढंसं, आणि सराई मात्र तिमजली! हा मेळ बसतो लोकरीमुळे. जवळच हिंटनला कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता, 1232 मध्ये सॉल्झबरीची काउंटेस इला हिने स्थापलेला. गाव मठाच्या ताब्यात, आणि गावात लोकर-कापडाची मोठी जत्रा भरायची. व्यापाऱ्यांना उतरायला जागा हवी, तशी मालाला कोरडी कोठीही हवी. मठाने दोन्ही एकाच इमारतीत बसवलं: माणसं खाली, माल वर.

आता दर्शनी बाजू बघा. तळमजला दगडी, मधोमध कमान. वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, पंधराव्या शतकातले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा रस्त्यावर पुढे आलेला. ही नुसती हौस नव्हे. वरच्या मजल्याच्या जमिनीखालच्या आडव्या तुळया खालच्या भिंतीच्या बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. भिंतीचं वजन टोकं खाली दाबतं, त्यामुळे मधला भाग वाकायला कमी बघतो. लोकरीचे गठ्ठे वर रचायचे असतील तर असा समतोल हवाच. शिवाय खोल्या वाढतात आणि खालच्या भिंतीवर पावसाचा मारा कमी होतो. एका युक्तीत तीन कामं करणाऱ्या त्या सुताराचं नाव आपल्याकडे असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

कमानीतून मागे गेलं की चौक. इथे अष्टकोनी जिन्याचा बुरूज आहे आणि लाकडी सज्जा. आपल्या वाड्यात चौकाभोवतीच्या सज्जातून खोल्यांची दारं उघडतात ना, तीच योजना. घराच्या आत बोळ काढून जागा वाया घालवायची नाही, आणि एका पाहुण्याला दुसऱ्याच्या खोलीतून जावं लागत नाही. अनोळखी माणसं एका रात्रीपुरती एकत्र राहणार, तर प्रत्येकाला आपलं दार हवं. सज्जातून खाली आपलं सामान आणि आपला घोडाही दिसतो!

मठ 1539 मध्ये बरखास्त झाला, सराई राहिली. प्रसिद्ध इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स जून 1668 मध्ये बाथला जाताना या गावात थांबला. दहा शिलिंगात उत्तम जेवण झालं, अशी त्याच्या रोजनिशीत नोंद आहे. तो जेवला तो इथेच, असं मानतात. 1685 मध्ये बंडखोर ड्यूक ऑफ मन्मथचं सैन्य याच गावात लढलं.

पुढे घोडागाड्यांचा जमाना आला. 2 ऑगस्ट 1784 ला ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली टपालगाडी धावली. दर दहा-एक मैलांवर घोडे बदलावे लागत, म्हणून रस्त्यालगतच्या सरायांना पागा, चाऱ्याच्या कोठ्या आणि सामानासकट गाडी आत येईल एवढी कमान लागे. त्या काळी सराईची किंमत खोल्यांइतकीच तबेल्यावर ठरायची. 1841 मध्ये लंडन-ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला आणि त्या रस्त्यावरच्या घोडागाड्यांचा धंदा बसला.

धंदा बसला की चौक आधी जातो, कारण मोकळी जागा सगळ्यांनाच हवी असते. लंडनच्या सदर्कमधली दुसरी ‘जॉर्ज इन’ बघा. 1676 च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली, चौकाभोवती सज्जे होते. रेल्वे कंपनीने 1889 मध्ये बहुतेक भाग पाडला, आज फक्त एक बाजू उभी आहे. तिथे गेलात तर सज्जाकडे तोंड करून उभे राहा आणि पाठीमागच्या दोन बाजू कुठे असतील याचा अंदाज बांधा. नॉर्टन सेंट फिलिपला तो अंदाज करावा लागत नाही, म्हणून माझा ओढा त्या खेड्याकडे जास्त आहे.