पिवळ्या पिशवीआधी

[दृश्य: ऑपरेशन थिएटर, दुर्बिणीचा पडदा]

पडद्यावर पिंजलेल्या सुंभासारखं लोंबतंय, ते एसीएल. मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा अस्थिबंध. कबड्डीत पाय रोवून अंग वळवलं, की बऱ्याचदा हाच तुटतो. गुडघ्याच्या आतल्या कडेचा अस्थिबंध पुष्कळदा आपला आपण सांधतो. एसीएलभोवती मात्र सांध्यातलं वंगण असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, टोकं जुळत नाहीत. म्हणून पेशंटच्याच मांडीमागचा कंडरा काढून तिथे बसवतात. तुटलेलं टोक खरवडून पिवळ्या पिशवीत टाकतात, जैववैद्यकीय कचरा म्हणून.

हे टोक वाचलंय, त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून नवा अस्थिबंध विणून बघण्यासाठी. पेशंटने तशी लेखी संमती दिली आहे.

[दृश्य: लॅब, हातमोजे, स्काल्पेल]

आधी अँटिबायोटिकच्या पाण्यात धुणं. मग मिलिमीटरभराचे तुकडे. त्यांवर कोलॅजिनेज हे एन्झाइम घालतात. ते धाग्यांची वीण सोडवतं, पेशी मोकळ्या होतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी पेशींचा हा एवढासा ठिपका उरतो. सगळी मदार त्याच्यावर.

[दृश्य: इन्क्युबेटर, गुलाबी फ्लास्क]

37 अंश सेल्सिअस, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. हा गुलाबी रंग कॅमेऱ्यात देखणा दिसतो, पण तो शोभेसाठी नाही. द्रावण पिवळं पडू लागलं, की पेशींचं खाणं बदलायची वेळ झाली. सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन बघतंच.

[दृश्य: मायक्रोस्कोप]

लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. याच त्या अस्थिबंधाच्या पेशी. फ्लास्कचा तळ भरला की ट्रिप्सिन या एन्झाइमने सोडवून पुढच्या फ्लास्कमध्ये. हे फार वेळा केलं तर पेशी वाढतात, पण आपलं काम विसरू लागतात. कोलॅजन, म्हणजे अस्थिबंधाचे धागे ज्याचे असतात ते प्रथिन, कमी बनतं.

[दृश्य: रेशमाचा पीळ, ताण देणारं यंत्र]

म्हणून त्यांना आधार आणि व्यायाम लागतो. एसीएलसाठी रेशमाचा पीळदार सांगाडा अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये मांडला होता. रेशमावरचं चिकट सेरिसिन आधी उकळून काढायचं, मग पेशी पेरायच्या. यंत्र ताणतं, सोडतं, पुन्हा ताणतं. पेशी ताणाच्या दिशेने रांग धरतात आणि कोलॅजन विणू लागतात.

पेशंटच्या गुडघ्यात रोजच्या उपचारात हे अजून आलेलं नाही. मजबुती, पेशींच्या खाण्यात घालतात त्या वासराच्या सीरमला (रक्तद्रवाला) पर्याय, परवानग्या, खर्च, सगळंच बाकी आहे.