एक सर्व्हिस चुकली आणि स्टेअरिंगचा क्लेम नाकारला

(दृश्य: तासगावकडून मणेराजुरीला जाणारा रस्ता, दोन्ही बाजूला द्राक्षबागा. सकाळ. औषध फवारणाऱ्या ब्लोअरचा आवाज लांबून येतोय.)

ही बाग माझ्या मामांची. अडीच एकर. आणि ती शेडखाली उभी आहे ना, ती पांढरी गाडी, ती पण मामांचीच, दसऱ्याला घेतलेली, हार घातला, पेढे वाटले, बॉनेटवर स्वस्तिक काढलं. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही की दसऱ्याला घेतलेल्या गाडीची वार्षिक सर्व्हिस दर वर्षी दसऱ्याच्याच आसपास येणार, आणि द्राक्षवाल्या माणसाला वर्षात जे दिवस अजिबात मोकळे नसतात ते नेमके हेच.

ऑक्टोबर छाटणी. ज्यांच्या घरात बाग नाही त्यांना सांगायला पाहिजे हे. छाटणी झाली की पेस्ट लावायची, डोळे फुटतात, घड दिसायला लागतात, आणि तिथून पुढं रोज आभाळाकडं बघणं सुरू. फुलोऱ्यात पाऊस झाला तर दावण्या हा रोग येतो, घड कुजतात, वर्षाचं सगळं गणित दोन रात्रीत जातं. रात्री सर आली की पहाटे चारला फवारणीसाठी ट्रॅक्टर बाहेर. अशा दिवसांत माणूस घरचं लग्न सुद्धा अर्ध्यात सोडून येतो, गाडीची सर्व्हिस कोण लक्षात ठेवणार.

पहिल्या वर्षीची सर्व्हिस वेळेत झाली. दुसऱ्या वर्षीची राहिली. शोरूममधून दोन फोन आले होते, मामा मान्य करतात, लपवत नाहीत. माल गेल्यावर मार्चमध्ये त्यांनी गाडी तासगावात ओळखीच्या गॅरेजला लावली, ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर सगळं बदललं, ऑईल कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, आणि पक्कं बिल घेतलं. म्हणजे सर्व्हिस झाली, पण पाच महिने उशिरा आणि बाहेर.

(दृश्य: तासगाव-सांगली रस्ता. गाडीच्या आतून, डॅशबोर्ड.)

त्याच वर्षी जुलैमध्ये मामा मामींना घेऊन मिरजेला दवाखान्यात निघाले होते. माधवनगरच्या अलीकडं डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, स्टेअरिंगच्या चित्राचा, आणि पुढच्या वळणावर स्टेअरिंग एकदम जड. मामा म्हणतात बैलाची शिंगं धरून वळवल्यासारखं वाटलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. मागं उसाची ट्रॉली नव्हती हे नशीब, सीझन असता तर असती.

वर्कशॉपला गाडी गेली, स्कॅन झाला, आणि सर्व्हिस ॲडव्हायझरनं सांगितलं, काका, स्टेअरिंग कॉलमची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, एस्टिमेट ५८ हजार.

मामा म्हणाले, वॉरंटीत हाय की. तीन वर्षं हायत, अजून तीन महिनं शिल्लक.

तर तो पोरगा स्क्रीनकडं बघून म्हणाला, तुमची एक सर्व्हिस मिस आहे काका, हिस्ट्री ब्रेक झालीय, वॉरंटी व्हॉइड दाखवतंय.

मामांनी तिथं एकच प्रश्न विचारला आणि ही सगळी फिल्म मी त्या एका प्रश्नासाठी करतोय. ते म्हणाले, "आरं, तेल बदलायचं ऱ्हायलं म्हणून स्टेरिंग कसं काय जाईल?"

उत्तर आलं नाही. पोरगं चांगलं होतं, वाईट बोललं नाही, पण त्याच्याकडं उत्तरच नव्हतं, त्याच्याकडं फक्त स्क्रीन होता.

(दृश्य: गॅरेजमध्ये उघडलेला स्टेअरिंग कॉलम, जवळून.)

हे बघा, स्टेअरिंगच्या चाकापासून खाली जाणारा हा दांडा, हाच कॉलम. पूर्वीच्या पॉवर स्टेअरिंगमध्ये ऑईल असायचं, इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप असायचा, त्यात ऑईल कमी झालं, लीक झालं आणि कुणी तपासलं नाही तर पंप जाऊ शकतो, तिथं सर्व्हिस चुकल्याचा संबंध लावता येतो. आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, मामांच्याही. त्यात एक मोटर, तुम्ही स्टेअरिंगला किती जोर लावताय ते ओळखणारा टॉर्क सेन्सर, आणि एक कंट्रोल युनिट. पंप नाही, बदलायचं ऑईल नाही. मामांच्या गाडीला एरर कोड आला होता तो टॉर्क सेन्सरचा. इंजिन ऑईल पाच महिने उशिरा बदललं याचा त्या सेन्सरशी काय संबंध, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, आणि मी तिघांना विचारलंय.

पण उलटी बाजू पण सांगतो, कारण अर्धवट सांगून लोकांना भांडायला लावणं बरोबर नाही. समजा इंजिन गेलं असतं. जुनं झालेलं ऑईल काळं, घट्ट होतं, त्याचा गाळ बसतो, जाळी चोंदते, बेअरिंगला ऑईल पोचत नाही, टर्बो असेल तर तो आधी जातो. तिथं कंपनीनं सर्व्हिस चुकल्याचं कारण दिलं असतं तर ते कारण पोकळ नसतं, आणि मीच मामांना म्हटलं असतं की मामा, यात दम नाही, पैसे भरा. प्रत्येक गेलेला क्लेम अन्यायच असतो असं नाही. म्हणून आधी पार्ट कुठला गेला ते बघायचं.

त्या रात्री आम्ही वॉरंटीचं बुकलेट काढलं. ते गाडीतच होतं, प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये, एकदाही न उघडलेलं. बारीक अक्षर, सगळं इंग्रजीत, मी वाचून मराठीत सांगत होतो आणि मामी दिवा धरून, कारण लाईट गेलेली. त्यात काय वॉरंटीत येत नाही त्याची यादी होती, आणि त्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा की ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे देखभाल न केल्यामुळं झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही.

न केल्या"मुळं" झालेला बिघाड. आमचं पुढचं सगळं भांडण त्या एका "मुळं"वर उभं राहिलं. सर्व्हिस चुकली की सगळी वॉरंटी संपली असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं, ते फक्त वर्कशॉपच्या तोंडात होतं.

तुमच्या बुकलेटमध्ये वाक्य वेगळं असू शकतं. तिथं सरळ लिहिलेलं असेल की सर्व्हिस चुकली तर वॉरंटी रद्द, तर काम अवघड होतं, हे खरं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करार म्हणून एक गोष्ट आहे, ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या अटींसाठी, पण ती तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात होत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडं करावी लागते. म्हणून म्हणतो, भांडायच्या आधी ते वाक्य शोधा, आणि शोधताना "मुळं" आहे का तेवढं बघा.

(दृश्य: मामांचा हात, रेघी कागद, निळं पेन.)

दुसऱ्या दिवशी मामा सही करणार होते. जॉबकार्डवर छापील ओळ होती, सर्व्हिस रेकॉर्ड नसल्यानं वॉरंटी लागू नाही, ग्राहकाला मान्य. मी फोनवर ओरडलोच, मामा सही करू नका. मान्य लिहिलेल्या कागदावर सही झाली असती तर पुढं प्रत्येक ठिकाणी तोच कागद आमच्या तोंडासमोर आला असता.

मग पत्र लिहिलं. शोरूमच्या मॅनेजरला एक, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, दोन्हीत तेच. कुठला पार्ट निकामी झाला आणि स्कॅनमध्ये कोड कुठला आला. सर्व्हिस उशिरा झाल्यामुळं हाच पार्ट कसा निकामी झाला. आणि बुकलेटच्या कुठल्या कलमाखाली क्लेम नाकारला. उत्तर लेखी द्या. सोबत खरेदीचं बिल, पहिल्या सर्व्हिसचं बिल, तासगावच्या गॅरेजचं बिल आणि किलोमीटरचा फोटो. शिव्या नाहीत, पेपरला देतो, टीव्हीवर देतो असं काही नाही. मामांना तसं लिहायचं होतं, मी लिहू दिलं नाही.

पहिलं उत्तर आलं ते दोन ओळींचं, कंपनीच्या पॉलिसीनुसार विनंती मान्य करता येत नाही. प्रश्नांची उत्तरं नाहीत. आणि फोनवर एक नवीन मुद्दा आला, की तुम्ही बाहेरच्या गॅरेजला ऑईल बदललंय, ते चालत नाही.

इथं मला एक जुनी गोष्ट कामाला आली. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं, म्हणजे बाजारात कंपन्यांनी स्पर्धा दाबू नये हे बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, स्पेअर पार्ट बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दल. दंडाचं प्रकरण पुढं अपिलात गेलं, ते लांबत राहिलं. पण त्या आदेशातलं एक सांगणं माझ्या डोक्यात बसलंय, की बाहेरच्या गॅरेजला गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. म्हणजे परत तेच, मुळं. तासगावच्या मिस्त्रीनं स्टेअरिंगला हात पण लावला नव्हता. हे दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं.

आणि त्याच दिवशी १९१५ ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. तिथं निकाल लागत नाही, हे आधीच समजून घ्या, ते तुमची तक्रार नोंदवून कंपनीकडं पाठवतात, डॉकेट नंबर देतात. पण त्या नंबरनं एक झालं, की आतापर्यंत आम्ही काउंटरवरच्या पोराशी बोलत होतो, आता कंपनीच्या वरच्या टेबलावर कागद गेला.

अकराव्या दिवशी एरिया मॅनेजर स्वतः आले. गाडी बघितली, स्कॅन परत केला, मामांशी नीट बोलले. म्हणाले, कंपनी पार्ट देतेय, लेबर आणि टॅक्स तुम्ही भरा, ६ हजार २०० होतील. गुडविल म्हणून करतोय.

मामांनी मला विचारलं, गुडविल म्हंजी काय रं?

मी म्हटलं, सदिच्छा.

"म्हंजी उपकार. त्यास्नी म्हणावं उपकार नगं, वॉरंटी म्हणून लिवा."

त्यांनी तसं लिहून दिलं नाही. आणि मला कळतं का नाही ते, वॉरंटी म्हणून लिहिलं असतं तर आधीचा नकार चुकीचा होता हे मान्य केल्यासारखं झालं असतं. आम्ही घरी येऊन रात्रभर बोललो. मामींना दर आठवड्याला मिरजेला न्यावं लागत होतं, दुसऱ्याची गाडी किती दिवस मागायची. ५८ हजारांऐवजी ६ हजार २००. घेतलं. यात हरलो असं मला वाटत नाही, पण त्या शब्दाचा राग मामांना अजून येतो, आणि मला पण येतो.

(दृश्य: वर्कशॉपचं गेट, पाऊस.)

गाडी घ्यायला गेलो तेव्हा परत एक छापील कागद. काम पूर्ण समाधानकारक झालं, कुठलीही तक्रार शिल्लक नाही. मामांनी ती ओळ पेनानं खोडली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, लेबरचे पैसे हक्क राखून भरले आहेत, वॉरंटीचा दावा सोडलेला नाही. काउंटरवरचा म्हणाला खाडाखोड चालत नाही, गेटपास निघणार नाही. मामा म्हणाले बसतो. दीड तास बसले. छत्री दोन पायांच्या मधी धरून, कुणाशी एक शब्द न बोलता. मग गेटपास निघाला. कागदाचा फोटो मी तिथंच काढला.

म्हणून ते ६ हजार २०० अजून संपलेले नाहीत. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठं का असेना, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील सक्तीचा नाही. फी वस्तूच्या किमतीवर ठरते, पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांमध्ये २०० रुपये, मामांची गाडी साडेआठ लाखांची, म्हणजे २००. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, पार्टची लॅबमध्ये तपासणी लागली तर पाच, प्रत्यक्षात वेळ जास्त जातो आणि तारखांना जावं लागतं हे मी मामांना सांगितलंय. सहा हजारांसाठी जायचं का, असं घरातले विचारतात. मामा म्हणतात पैशासाठी जायाचंच न्हाई.

(दृश्य: शेडमधला लाकडी फळीचा कप्पा. एक जाड वही.)

ही फवारणीची वही. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती, काढणीच्या किती दिवस आधी, सगळं. एक्स्पोर्टचा माल द्यायचा तर हे लिहावंच लागतं, मामा पंधरा वर्षं लिहितायत, एक दिवस चुकलेला नाही. आता मागच्या चार पानांवर गाडी आहे. यंदा गणपती उठले की तिसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिसला लावली, बिल तिथं चिकटवलंय. त्याच्या मागं आयोगाच्या तक्रारीचा कच्चा मसुदा आहे, घडी घालून ठेवलेला. तो फेअर करायचा राहिलाय, मामा म्हणाले फुलोरा निघू दे, मग बसू. छाटणी २ ऑक्टोबरला धरलीय.