खोली एकदाच बांधायची

मंडळी, एका खोलीत घडणारा प्रसंग घ्या. त्यात एकूण चाळीस शॉट. टेबल, दिवा, खिडकी, कपाट सगळीकडे तेच. नवखा ॲनिमेटर पहिल्या शॉटची फाइल कॉपी करतो, नाव बदलतो आणि कामाला लागतो. दोन दिवस बरे जातात. मग दिग्दर्शक म्हणतात, दिव्याची शेड जरा लहान करा. आता उघडा चाळीस फाइली! त्यातल्या तीन हमखास राहतात आणि पडद्यावर कट पडला की दिवा लहानमोठा होतो.

हे दुखणं संगणकाच्या आधीचं आहे. अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये पारदर्शक सेलच्या (चित्र काढायच्या पातळ शीटच्या) पेटंटसाठी अर्ज केला, तो याच त्रासातून सुटायला. हलतं तेवढंच सेलवर काढायचं, पार्श्वभूमी खाली एकदाच रंगवलेली.

आज ते काम रेफरन्स करतो. खोलीची फाइल एकच असते. शॉटची फाइल ती नुसती बोलावते आणि स्वतःजवळ फक्त फरक ठेवते: इथे खुर्ची हातभर सरकली, इथे दिवा विझला. हा फरक म्हणजे ओव्हरराइड. माया या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमधले रेफरन्स, ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं लिंकिंग आणि लायब्ररी ओव्हरराइड, पिक्सारने २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं यूएसडी (दृश्यं थराथराने रचायचं फाइल-स्वरूप), सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे.

पण ओव्हरराइड खुर्चीला ओळखतो कसा? तिच्या पत्त्यावरून: खोली, त्यात फर्निचर, त्यात खुर्ची. आमच्या एका कामात मॉडेलरने (खोली आणि वस्तू घडवणाऱ्याने) नीटनेटकं दिसावं म्हणून 'फर्निचर' या गटाचं नाव 'सामान' केलं. एवढंच. यूएसडी अशा वेळी थांबवत नाही. ओव्हरराइड फाइलीत जसाच्या तसा राहतो, फक्त त्या पत्त्यावर आता कुणी नसतं. खुर्ची मुकाट्याने मूळ जागी गेली आणि सकाळी रेंडर (संगणकाने तयार केलेली चित्रं) पाहिला तर आमची आजीबाई हवेत बसलेली. रात्रभराचं काम वाया गेलं, त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून कळकळीनं सांगतो, नावं ठरवायला अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या, पण शॉट सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नका.

मंजूर झालेल्या शॉटला खोलीची ठरावीक आवृत्तीच जोडून ठेवा, म्हणजे खोली पुढे बदलली तरी तो शॉट बदलणार नाही, हेही आलंच.

आणि ओव्हरराइड साचू देऊ नका. एका सीक्वेन्सच्या (सलग शॉटच्या गटाच्या) बाराही शॉटमध्ये दिवा विझलेला असेल, तर ते बारा ठिकाणी कशाला लिहायचं? खोली आणि शॉट यांच्या मध्ये सीक्वेन्सचा एक थर ठेवा आणि दिवा तिथे एकदाच विझवा. एखाद्या शॉटला तो पेटलेला हवा असेल तर शॉटचा थर वरचा, त्याचंच चालतं. मग शॉटच्या फाइलीत उरतो कॅमेरा, पात्रांची हालचाल आणि हातभर सरकलेली ती खुर्ची.