जिथे अर्धे जण थांबतात

[दृश्य : रिकामं प्रार्थनामंदिर. बाकांवर छापील पत्रकं.]

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळ्या ख्रिस्ती मंडळींना पाठ असते. म्हणूनच निरनिराळ्या पंथांची संयुक्त प्रार्थनासभा पहिल्यांदा अडखळते ती तिथेच. ‘वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर कॅथलिक थांबतात, कारण मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, इथे धर्मगुरू पुढची प्रार्थना म्हणतात. प्रॉटेस्टंट मात्र त्याच श्वासात ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत पुढे जातात. अर्धी सभा गप्प, अर्धी बोलते आहे, संकोच दोघांनाही. पत्रकावर पूर्ण पाठ छापा आणि शेवटपर्यंत सगळ्यांनी मिळून म्हणायचं, हे आधीच सांगा. कॅथलिकांना ते शब्द परके नाहीत. त्यांच्या मिस्सातही ते थोड्या वेळाने येतातच.

मतांगीकाराचं, म्हणजे उपासनेत एकत्र म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीचं, दुखणं जुनं आहे. ३८१ सालच्या पाठात पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ येतो. पश्चिमेकडे पुढे ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द जोडले गेले, आणि पूर्वेकडचं ऑर्थोडॉक्स चर्च व पश्चिमेकडचं रोमचं चर्च यांच्यातल्या दुराव्याच्या कारणांत त्यांचीही भर पडली. सभेत ऑर्थोडॉक्स बंधुभगिनी असतील, तर ३८१चाच पाठ छापावा. त्यात कुणाचं काही जात नाही.

[दृश्य : दोन वृद्ध धर्मगुरू एकमेकांना आलिंगन देतात.]

१०५४ साली रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्याकडून एकमेकांवर घातले गेलेले बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजी मागे घेतले गेले. पण पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख अथेनागोरस जेरुसलेममध्ये भेटले होते ते १९६४च्या जानेवारीत. आधी भेट, मग कागद. हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो. म्हणून सभेची तयारी करणाऱ्यांनीही कार्यक्रमपत्रिका लिहिण्याआधी एकमेकांच्या उपासनेला एकदा तरी जाऊन बसावं.

तारीख ठरवताना घाई नको. ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह बऱ्याच ठिकाणी १८ ते २५ जानेवारीला असतो. जुलियन, म्हणजे तेरा दिवस मागे चालणारं जुनं पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळींचा प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण मात्र येतो १९ जानेवारीला, आणि आदल्या दिवशी त्यांचा कडक उपास. त्या संध्याकाळी जेवणाचं आमंत्रण दिलं, तर पाहुणे येतीलही, पण ताटाला हात लावणार नाहीत.

प्रवचन यजमानाने करू नये, पाहुण्याला द्यावं; दहा मिनिटं पुरतात. गाणी सगळ्यांना येणारी निवडावीत.

[दृश्य : वेदीवर भाकर आणि प्याला.]

आता सर्वांत अवघड गोष्ट. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि प्याला, अजून सर्वांना मिळून घेता येत नाही. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या सर्व बाप्तिस्माप्राप्तांना बोलावतात; कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स नियमानुसार सहसा बोलावत नाहीत. म्हणून संयुक्त सभा वचन आणि प्रार्थनेची ठेवावी. हे दुःख लपवू नये; ‘तसा काही फरक नाही’ असं तर मुळीच म्हणू नये. त्याने समोरच्याची श्रद्धाच हलकी होते.

एकमेकांच्या मुख्य उपासनेला गेलात, तर एक खूण नीट समजून घ्या. छातीवर हातांची घडी घालून पुढे येणं म्हणजे अनेक कॅथलिक चर्चमध्ये ‘मला फक्त आशीर्वाद द्या’. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मात्र प्रभुभोजन घ्यायला येणारेच तशी घडी घालतात. नकळत पुढे गेलेल्या पाहुण्याला सर्वांसमोर परत फिरावं लागतं. यजमानाने हे दारातच, हळू आवाजात सांगावं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेनंतर आशीर्वादित भाकरीचे (प्रभुभोजनाच्या नव्हे) तुकडे वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते पाहुण्यांनाही देतात. पाहुणा बाकावरच बसून राहिला असेल, तर यजमानाने आपल्या हातातला तुकडा त्याच्याकडे घेऊन जावं.