बारा इंची पुठ्ठ्यातली करामत

मंडळी, आज गाण्यांवर फारसं बोलणार नाहीये, गाणं ज्यात घालून यायचं त्या पुठ्ठ्यावर बोलायचंय. एलपीचं, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीचं कव्हर, साधारण ३१ सेंटीमीटर लांब आणि तेवढंच रुंद. माझं म्हणणं एवढंच आहे की जुन्या कव्हरांचा जो विक्षिप्त गोडवा आपल्याला भुरळ घालतो ना, तो दोन गोष्टींतून आला, एक म्हणजे हातात पैसे कमी होते आणि दुसरं म्हणजे ती वस्तू माणूस हातात धरणार होता.

आधी तर चित्रबित्र काही नसायचंच. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या तपकिरी नाहीतर करड्या कागदात यायच्या, सेट असला तर जाड पुठ्ठ्याच्या बाडात, वर फक्त नाव. दुकानात रांगेनं उभी केलेली ती बाडं इतकी कळाहीन दिसायची की धंद्यातली माणसं त्यांना थडग्याचे दगड म्हणायची. मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा विशीतला आर्ट डायरेक्टर आला आणि म्हणाला, चित्र टाकू या. १९४० मध्ये रॉजर्स आणि हार्ट या अमेरिकन गीतकार-संगीतकार जोडीच्या गाण्यांचा सेट निघाला, त्यासाठी या पठ्ठ्यानं एका थिएटरवाल्याला पटवून बाहेरच्या दिव्यांच्या पाटीवर चक्क अल्बमचं नाव लावून घेतलं, आणि फोटो काढला! पुढे १९४८ मध्ये एलपी आली आणि प्रत्येक तबकडीला स्वतःचं कव्हर मिळालं, मग काय, चित्रकारांना मोकळं रानच.

जिम फ्लोराची कव्हरं बघा. वादकांचे चेहरे निळे-गुलाबी, कुणाला जादा हातपाय, वाद्यं वाकडीतिकडी, आणि तरीही बघताक्षणी कळतं की आतलं संगीत कुठल्या लयीत उड्या मारतंय, हे मला आजही कमाल वाटतं. किंवा ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीचा रीड माइल्स. हा माणूस जॅझचा शौकीन नव्हता, त्याला क्लासिकल आवडायचं, पण जॅझची शेकडो कव्हरं त्यानं केली. छपाईला पैसे कमी, म्हणून बरेचदा काळा आणि वर आणखी एखादाच रंग, मग तो अक्षरांशीच खेळत बसायचा. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनच्या 'इट्स टाइम!'चं कव्हर घ्या, अख्खा पुठ्ठा उद्गारचिन्हांनी भरलाय, ओळींवर ओळी नुसती उद्गारचिन्हं, आणि मॅक्लीनचा फोटो एवढासा. कलाकाराचा चेहरा मोठा हवा, हा नियम त्यानं बिनधास्त मोडला. चार रंग परवडले असते तर हे सुचलं असतं का? मला नाही वाटत.

ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्टच्या १९६५ च्या कव्हरवर क्रीममध्ये बुडालेली मुलगी आहे, ते बरंचसं दाढीचा फेस आहे, कारण खरं क्रीम दिव्यांच्या उष्णतेनं वितळतं. १९७० मध्ये पिंक फ्लॉइडच्या कव्हरवर स्टॉर्म थॉर्गरसननं नुसती गाय छापली. बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, गाय मागे वळून बघतेय, बस्स. दुकानात माणूस थबकणारच की.

आता हाताळायची कव्हरं, माझा सगळ्यात लाडका भाग. वेल्वेट अंडरग्राउंड बँडच्या अल्बमवरचं चित्रकार अँडी वॉरहॉलचं १९६७ चं केळं, सुरुवातीच्या प्रतींवर त्याची साल खरंच सोलता यायची आणि आत गुलाबी केळं निघायचं. लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमच्या कव्हरला भोकं आहेत आणि आत पुठ्ठ्याचं गोल चाक, ते फिरवलं की भोकांतली चित्रं बदलतात, कधी फुलपाखरू, कधी बँडमधल्या कुणाचा चेहरा. गाणं चालू असताना लोक ते फिरवत बसायचे, म्हणून जुन्या प्रतींची चाकं बऱ्याचदा सैल झालेली सापडतात, आणि मला तीच जास्त आवडतात.

आणि रोलिंग स्टोन्सचं १९७१ चं 'स्टिकी फिंगर्स'. जीन्सचा फोटो आणि त्याला खरीखुरी धातूची झिप, उघडता येणारी, कल्पना पुन्हा वॉरहॉलचीच. पण माल पाठवताना कव्हरं एकावर एक रचली की झिपचा खटका वरच्या रेकॉर्डमध्ये रुतायचा, खोबण्या खराब. तोडगा काय काढला, तर झिप आधीच अर्ध्यापर्यंत ओढून ठेवायची, म्हणजे खटका रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलवर येतो आणि तिथे काही वाजतच नाही! काय साधं आणि हुशार उत्तर आहे बघा. नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांत झिपचा नुसता फोटोच छापला, ते मला पटत नाही, झिप उघडता येत नसेल तर ते कव्हर अर्धंच. तेव्हा जुनी प्रत हाती लागलीच तर झिप पूर्ण वर ओढू नका, अर्ध्यावरच राहू द्या, आणि कपाटात तिच्या शेजारी दुसरी रेकॉर्ड ठेवताना मध्ये एक जाड पुठ्ठा नक्की घाला.