मागितलेला फॉन्ट आणि दिसणारा फॉन्ट

मंडळी, ‘पान कालपर्यंत नीट दिसत होतं, आज अक्षरं भलतीच दिसतायत’ असं कुणी म्हणालं की बहुतेक जण आधी ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. तसं करू नका. समोर दिसतोय तो फॉन्ट नेमका कोणता, एवढं आधी पाहा. क्रोममध्ये त्या मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, ‘कॉम्प्युटेड’मध्ये जा आणि पार तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ पाहा. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ‘फॉन्ट्स’ हा वेगळा भागच आहे. पानाच्या कोडमध्ये ‘फॉन्ट-फॅमिली’समोर असलेली नावं म्हणजे पानानं केलेली मागणी. हाती काय आलं, ते इथे कळतं.

मंगलचंच घ्या. र. कृ. जोशींनी घडवलेला हा फॉन्ट वर्षानुवर्षं विंडोजबरोबर यायचा, म्हणून कित्येक जुन्या मराठी पानांनी त्याचंच नाव लिहून ठेवलंय. विंडोज १० मध्ये तो देवनागरीच्या ऐच्छिक पूरक फॉन्टांत गेला. नव्या लॅपटॉपवर ब्राउझर मंगल शोधतो, तो सापडत नाही, मग विंडोजमधलाच निर्मला यूआय हा दुसरा देवनागरी फॉन्ट लावतो. यात बिघडलेलं काहीच नसतं. विंडोजच्या सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ते पूरक फॉन्ट घेतले की मंगल परत येतो.

हा शोध ब्राउझर अक्षरागणिक घेतो. मागितलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल, तर इंग्रजी शब्द त्यात दिसतात आणि मराठी दुसऱ्याच फॉन्टमध्ये. सगळीच संकेतस्थळं एकाच फॉन्टमध्ये दिसत असतील, तर मात्र फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण निघाली आहे का ते बघा.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. फॉन्ट बरोबर आहे, तरी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. आपला ल पाकळीयुक्त, श देठयुक्त. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही तेच म्हटलंय. अनेक फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. त्यातलं मराठी वळण कधी वापरायचं, हे फॉन्टला पानाच्या भाषेवरून कळतं. पानाच्या कोडच्या सुरुवातीला असलेल्या एचटीएमएल टॅगमध्ये ‘लँग’समोर मराठीचा संकेत ‘एमआर’ लिहिलेला हवा. तिथे इंग्रजीचा ‘ईएन’ राहून गेला, तर मजकूर कितीही शुद्ध मराठी असो, फॉन्टला तो मराठी आहे हे समजतच नाही. एवढ्याशा चुकीपायी आपली मुलं स्क्रीनवर परकी वळणं बघत मोठी होतायत, याचं मला फार वाईट वाटतं. फॉन्टमध्येच मराठी वळण नसेल, तर संकेत बदलून फरक पडणार नाही. ते असलेला वेबफॉन्ट पानाबरोबर पाठवावा लागेल.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी आपापल्या संस्थेचं पान आत्ता उघडा. त्याचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, काढा आणि ‘लँग’समोर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा.